पॅरामीटर शेकडो, उत्तर मात्र एकच?

संख्यारेषा

संगणकावरच्या मोठ्या सिम्युलेशनचा निकाल एका आकड्यात जाहीर करणं थांबलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हवामान, साथरोग, पूर, विषय कुठलाही घ्या. मॉडेलमध्ये शेकडो पॅरामीटर, म्हणजे त्यात भरायच्या किमती, असतात, त्यांतले कित्येक कुणी मोजलेले नसतात, अंदाजाने भरलेले असतात. तरीही ग्राफवर येते ती एक ठसठशीत रेघ, आणि त्या रेघेवर लोकांच्या आयुष्याचे निर्णय होतात.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ज्या मॉडेलांचा आधार घेतला त्यांत कोरोना साथीचं कोव्हिडसिम हे मॉडेल होतं. त्यात ९४० पॅरामीटर. त्याची कसून केलेली तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. निकालावर सर्वाधिक पकड १९ पॅरामीटरांची निघाली, आणि त्यांच्याबद्दलचं अज्ञान निकालात ३०० टक्क्यांपर्यंत फुगून बाहेर पडत होतं. निर्णय घेणाऱ्याला हे आधी कळायला नको का?

'इतके पॅरामीटर तपासणार कसे' हे उत्तर मला पटत नाही. सगळ्या शक्यता तपासायच्या तर ते अशक्यच आहे. २० पॅरामीटर आणि प्रत्येकाच्या १० किमती धरल्या तर १ वर २० शून्यं एवढे रन, म्हणजे मॉडेल चालवण्याच्या फेऱ्या, होतात. सेकंदाला एक रन झाला तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या २०० पटींहून जास्त काळ लागेल. पण एवढं करायची गरजच नसते. मॉरिसची १९९१ ची पद्धत आधी चाळणी लावते. २० पॅरामीटरांसाठी १० वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करून, दर वाटेवर एकेक पॅरामीटर बदलत गेलं तर २१० रन पुरतात, आणि कोणते पॅरामीटर निकालाला ढिम्म हलवत नाहीत ते दिसतं. उरलेल्यांवर सोबोल निर्देशांक काढा, म्हणजे निकालातल्या चढउतारात कुणाचा किती वाटा ते कळतं. एकेक रन महाग असेल तर काहीशे रनवर एम्युलेटर, म्हणजे मॉडेलची झटपट चालणारी नक्कल, तयार करा आणि पुढची हजारो गणितं त्याच्यावर करा. साधनं आहेत, वापरायची इच्छा हवी.

धूमकेतू

असहमत. एका रेघेऐवजी शक्यतांचा पट्टा काढला की प्रामाणिकपणा आला, असं होत नाही. त्या पट्ट्याची रुंदी कुठून येते? इनपुटच्या रेंजमधून. आणि ती रेंज ठरवतो मॉडेल करणाराच. अधिक-उणे १० टक्के धरले तर पट्टा अरुंद, ५० धरले तर रुंद. बघणाऱ्याला वाटतं की अनिश्चितता मोजली आहे. प्रत्यक्षात एक अंदाज दुसऱ्या अंदाजात गुंडाळलेला असतो, आणि त्यावर '९५ टक्के' असं लिहिलेलं असतं. मला एकट्या आकड्यापेक्षा याची जास्त भीती वाटते.

तुम्ही दिलेल्याच तपासणीचा पुढचा निष्कर्ष वाचा. प्रत्यक्ष आकडेवारीशी मॉडेल नीट जुळत नव्हतं, आणि पॅरामीटरांची अनिश्चितता मोजणं पुरेसं नाही, मॉडेलची रचना आणि गृहीत धरलेली परिस्थिती यांचीही मोजावी लागेल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. रचनाच चुकली असेल तर सोबोल काय करणार? १९ पॅरामीटर काम करत असतील तर ९२१ चं ओझं का वाहायचं? माणसाला पूर्ण समजेल एवढं छोटं मॉडेल लिहा.

संख्यारेषा

ते १९ कोणते हे तपासणीनंतर कळलं, आधी नाही. शिवाय ते एका विशिष्ट निकालासाठीचे १९ आहेत. प्रश्न बदलला, मृत्यूंऐवजी शाळा बंद ठेवण्याचा परिणाम विचारला, तर यादी बदलू शकते. छोट्या मॉडेलमध्ये ते ९२१ नाहीसे होत नाहीत. त्यांची किंमत तुम्ही न सांगता ठरवून टाकलेली असते.

मृद्गंध

नद्यांच्या मॉडेलवर काम करते, म्हणून लिहिते. बेव्हन आणि बिन्ली या जलशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मांडलेली गोष्ट आम्हाला रोज भेटते: एकमेकांशी काही संबंध नसलेले पॅरामीटरांचे संच नदीच्या मागच्या प्रवाहाशी सारखेच छान जुळतात. एका संचात जमीन पाणी भरपूर शोषते, दुसऱ्यात ते भराभर वाहून जातं, आणि दोन्ही आलेख मोजमापावर बरोबर बसतात. मागे कधी आला नव्हता एवढा पाऊस दिला की मात्र दोघांच्या वाटा पार वेगळ्या होतात. म्हणून 'सर्वोत्तम' संच निवडून बाकीचे फेकणं मला धोक्याचं वाटतं. जुळणारे सगळे ठेवावेत.

धूमकेतू, रचनेचा मुद्दा योग्यच आहे, पण त्यावर कुणी विचारच केला नाही असं नाही. केनेडी आणि ओहेगन या संख्याशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मॉडेल आणि वास्तव यांतल्या तफावतीसाठी समीकरणात वेगळं पद घातलं.

आणि कृपा करून 'एकाच मध्यबिंदूपासून एका वेळी एकच पॅरामीटर हलवून बघितला' याला तपासणी म्हणू नका. असे सगळे रन मध्यबिंदूभोवतीच्या एका गोलाच्या आत राहतात. १० पॅरामीटर असतील तर तो गोल शक्यतांच्या एकूण जागेच्या जेमतेम ०.२५ टक्के असतो. दोन पॅरामीटर मिळून जे घडवतात ते त्यात दिसतच नाही.

क्षितिज

एका आकड्याने काय होतं त्याचं उदाहरण १९९७ चं आहे. अमेरिकेत ग्रँड फोर्क्सला रेड नदीच्या पुराचा अंदाज ४९ फुटांचा होता. लोकांनी तीच कमाल पातळी धरून तयारी केली. पाणी ५४ फुटांच्या वर गेलं आणि शहर बुडालं. अंदाजात काही फुटांची चूक होऊ शकते, हे मोठ्याने सांगितलं गेलं असतं तर बांध आणखी उंच करता आले असते.

हवामान अंदाजात १९९२ पासून अनेक रन एकत्र चालवतात, युरोपियन हवामान अंदाज केंद्रात आता ५१. तिथे पट्ट्यावर विश्वास बसतो, कारण रोज पडताळा होतो. ७० टक्के शक्यता सांगितलेल्या दिवसांपैकी साधारण ७० टक्के दिवशी पाऊस पडला का, हे मोजता येतं.

धूमकेतू

नेमकं हेच. जिथे रोजचा पडताळा आहे तिथे टक्केवारी द्या, माझी हरकत नाही. शंभर वर्षांनंतरच्या हवामानाचा रोज पडताळा होत नाही. २००५ मध्ये मोजके पॅरामीटर हलवून केलेल्या हजारो रनमधून, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमानवाढ २ अंशांपासून ११ अंशांपर्यंत काहीही असू शकते असं आलं. आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीने, २०२१ मध्ये ती २.५ ते ४ अंश अशी संभाव्य धरली. ही रेंज नुसते रन वाढवून आवळली गेलेली नाही. त्यासाठी प्रत्यक्ष नोंदी, प्राचीन हवामानाचे पुरावे आणि ढगांची समज लागली. आणखी १०,००० रनचा खर्च करण्याआधी तो पैसा मोजमापाकडे वळवा.

संख्यारेषा

पण कशाचं मोजमाप करायचं ते कोण सांगणार? निकाल सगळ्यात जास्त कशामुळे हलतो हे कळल्याशिवाय मोजमापाचा पैसाही आंधळेपणानेच खर्च होईल. माझी मागणी साधी आहे. निकालासोबत प्रत्येक इनपुटची रेंज छापा, ती कुणी आणि कशावरून ठरवली ते लिहा, आणि जे पॅरामीटर हलवलेच नाहीत त्यांचीही यादी द्या.

धूमकेतू

त्या शेवटच्या यादीत ग्रिडचा (मॉडेल जागेचे जे चौकोन पाडतं त्यांचा) आकार, टाइमस्टेप (गणित किती वेळाच्या टप्प्यांनी पुढे जातं ते) आणि कोडमध्येच लिहून ठेवलेले स्थिरांक धरणार असाल तर मी तुमच्या बाजूने सही करतो. नुसत्या इनपुट फाइलमधलं द्यायचं असेल तर नाही.