एडिसनमध्ये जे. पी. स्टीव्हन्स की एडिसन हायस्कूल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली न्यू जर्सीला झाली आहे, जूनमध्ये आम्ही पुण्याहून एडिसनला येतोय. लेक सप्टेंबरमध्ये नववीत, म्हणजे तिकडच्या हायस्कूलचं पहिलंच वर्ष. गावात सरकारी हायस्कुलं दोन, आणि कुठलं मिळणार ते घराच्या पत्त्यावर ठरतं. त्यामुळे भाडेकरारावर सही करण्याआधीच शाळा ठरवायची आहे. (काउंटीच्या मॅग्नेट अकॅडमीचा, म्हणजे निवड करून मुलं घेणाऱ्या खास हायस्कूलचा, अर्ज आठवीत असतानाच भरावा लागतो, ते आता हातचं गेलं.)

रेटिंगच्या साइट पाहून झाल्या. त्यातले आकडे बरेचसे परीक्षेतल्या गुणांवर बेतलेले, त्यावरून मुलं तिथे खूश आहेत का हे काही कळत नाही. शिवाय आईवडील आणि मुलं एकाच शाळेबद्दल अगदी उलट बोलतात, आणि मला मुलांचं जास्त खरं वाटतं. म्हणून ज्यांची मुलं तिथे शिकताहेत किंवा नुकतीच बाहेर पडली आहेत, त्यांनी जमलं तर मुलांनाच विचारून सांगा: एपी विषय (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतले नाहीत तर कमीपणा वाटतो का? अकरावीत झोप किती मिळते?

आणखी एक. भारतातून आलेल्या मुलांना गणिताचा वर्ग गुणपत्रिका बघून देतात की वेगळी परीक्षा घेतात? लेकीचं गणित चांगलं आहे, उगाच मागच्या वर्गात बसायला नको. ती तबला वाजवते. बँडमध्ये अशा मुलांना घेतात का?

एडिसन हायस्कूलबद्दल विशेष लिहा, त्या बाजूला भाडं आम्हाला परवडतंय.