रीड, पत्ती की सूर?

प्रश्न : मुलांसाठी माऊथ ऑर्गनवर थोडं लिहितेय, त्यात 'फ्री रीड'ला मराठीत काय लिहू? 'मुक्त पत्ती' लिहून बघितलं तर माझं मलाच हसू आलं, मुक्त म्हटलं की पुढे मुक्ताबाईच आठवते. आणि पेटीच्या क्लासला तर बोटाने दाबतो त्या पट्टीलाच रीड म्हणतात, मग आतल्या पितळी तुकड्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद : क्लासमधलं ते रीड चुकीचंच, पण आता रुळलंय. पेटीवाले आतल्या पत्तीला सरळ 'सूर' म्हणतात. तीन सुरांची पेटी, खर्ज-नर-मादी (खालचा, मधला, वरचा), गुजरातमधल्या पालीताण्याचे सूर, जर्मन सूर, हे सगळं त्या पत्त्यांबद्दलच चाललेलं असतं. आमची पेटी उघडली होती तेव्हा दुरुस्तीवाल्या काकांनी एक सूर काढून हातात दिला, पितळेचा चपटा तुकडा, त्याला लांबट खाच आणि खाचेवर पातळ जीभ, एकाच टोकाला रिव्हेट मारलेली. नखाने छेडली तर नुसतं टिंग. पण हवा गेली की ती खाचेतून आरपार वरखाली होते, कडेला कुठे लागत नाही (म्हणून फ्री) आणि दर फेरीला हवेची वाट अडवते-सोडते, आपण ऐकतो तो त्या तुटत जाणाऱ्या हवेचा आवाज. काकांनी टोकाशी जरासं खरवडलं, सूर चढला. रिव्हेटपाशी खरवडलं की उतरतो.

दुसरा प्रतिसाद : सनईलाही पत्ती असते की, पण तिथे स्वर मुख्यतः नळीतल्या हवेवर ठरतो, म्हणून एका पत्तीत सगळी सनई वाजते. इथे दर स्वराला वेगळी पत्ती. दहा भोकांच्या माऊथ ऑर्गनमध्ये वीस, दहा फुंकायच्या नि दहा ओढायच्या, पहिल्या भोकात फुंकलं की सा, ओढलं की रे. म्हणून 'सूर' हा शब्द चपखल बसतो. चीनच्या शेंग वाद्यात (भुईमुगाची नव्हे) पत्तीला बांबूची नळीही लागते, तो जरा वेगळा प्रकार.

प्रश्नकर्ती : मग पहिल्यांदा 'पत्ती म्हणजेच सूर' असं लिहिते आणि पुढे सूरच ठेवते. जाता जाता, भाच्याने चिवडा खाऊन वाजवला, चौथ्या भोकात फुंकलं तर वाजतं, ओढलं की गप्प. काडी घालून बघू का?

प्रतिसाद : अजिबात नको! जीभ वाकली तर सूर गेला. कव्हर खोला आणि मऊ ब्रश रिव्हेटकडून टोकाकडे फिरवा, उलटा नाही.