गावातील दारू आणि गांजाविरुद्ध टिकणारे काम कसे उभे करावे? (खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक)

खानापूरची कार्यकर्ती यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका लहान गावात स्त्रीशक्ती बचतगटाचे काम पाहते. आमच्या गावात परवाना असलेले दारूचे दुकान नाही. तरीही दोन किराणा दुकानांत आणि बसथांब्याजवळच्या टपरीवर दारूची पाकिटे पहाटेपासून मिळतात, आणि चोर्ला घाटातून येणारी गोवा बनावटीची स्वस्त दारू लग्नसराईत व लक्ष्मी यात्रेच्या दिवसांत घरोघरी पोहोचते. बेळगावला कामाला जाणाऱ्या काही मुलांना गांजाची सवय लागली आहे, हे त्यांच्या आयांनीच बचतगटाच्या बैठकीत रडत सांगितले.

मागील वर्षी आम्ही महिलांनी मोर्चा काढून पाकिटांची विक्री बंद पाडली. काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झालीच. पण त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. विक्री बंद असताना रोज पिणाऱ्या एका गृहस्थांचे हातपाय थरथरू लागले, तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले, घरची माणसे ओळखेनाशी झाली, आणि बाहेरची बाधा समजून त्यांना देवऋषाकडे नेण्यात आले. शेवटी नातेवाइकांनी गाडी करून बेळगावला दवाखान्यात हलवले म्हणून ते वाचले.

आता युवक मंडळाचे म्हणणे असे की पिणाऱ्याला दंड करावा आणि त्याचे नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहावे. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील चंदगड भागात माहेर असलेल्या काही जणींना आडव्या बाटलीचे मतदान, म्हणजे दारू दुकान बंद करण्यासाठी महिलांचा कौल, हवे आहे. काहींना वाटते की घरच्यांनी सरळ गाडीत घालून व्यसनमुक्ती केंद्रात टाकावे. यांतले कायद्यात बसणारे काय, उपयोगाचे काय, आणि सुरुवात कोठून करावी? आणखी एक गोष्ट विचारायची आहे. पिणाऱ्यांच्या बायकांची झोप उडालेली आहे, त्यांच्यापैकी कित्येकींना जगणे नकोसे झाले आहे, आणि त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. त्यांना कन्नड बोलता येत नाही. मनातले सांगायचे तर मराठीतच सांगता येईल.

समुपदेशक, बेळगाव

ताई, आपण ज्या गृहस्थांचे वर्णन केले आहे त्यांना बाधा झालेली नव्हती. वर्षानुवर्षे रोज दारू घेणाऱ्या शरीराची दारू एकदम तुटली की पहिल्या एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तीव्र भ्रम, भास, घाम व ताप यांची अवस्था येऊ शकते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही ओढवतो. दवाखान्यात ठरावीक गोळ्या, सलाईन आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हा काळ सुरक्षितपणे पार करता येतो. म्हणून दारूविरोधी मोर्चा काढणाऱ्या प्रत्येक गावाला माझी कळकळीची विनंती आहे की विक्री बंद करण्याची तारीख ठरवण्यापूर्वी रोज सकाळी उठल्याबरोबर पिणारे कोण आहेत हे आशा कार्यकर्तीच्या मदतीने, नावांची वाच्यता न करता, पाहून ठेवावे आणि त्यांना आधी डॉक्टरांकडे पोहोचवावे. आमच्या भागात दुकान बंद करणारे आणि माणूस बरा करणारे वेगवेगळे असतात व एकमेकांशी बोलत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

उपचारांची वाट आपल्याला वाटते तितकी दूर नाही. कर्नाटक शासनाच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी होते. निघण्यापूर्वी रुग्णालयात विचारून वार पक्का करून घ्यावा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी धारवाडची शासकीय मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे डिमहान्स, आहे. फोनवर बोलायचे असल्यास १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली मानसिक आरोग्यासाठीची शासकीय टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तेथे भाषा निवडता येते. घरातली बाई शेतातून एकटीने फोन करू शकते, ही तिची मोठी सोय आहे. केवळ व्यसनासंबंधीच्या मार्गदर्शनासाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा क्रमांक आहे. इतके असूनही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांमागे एकालाच कोणते ना कोणते उपचार मिळाल्याचे दिसले. बाकीचे घरी, शेतात आणि देवऋषाच्या अंगणात राहतात.

बायकांविषयी आपण लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले. नवऱ्याची दारू सुटेल तेव्हा सुटेल, बाईच्या उदासीनतेवरचे उपचार त्यासाठी थांबवण्याचे काहीच कारण नाही. जी बाई जगणे नको म्हणते तिला ‘असा विचार मनात येतो का’ असे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही. तिला त्या दिवशी एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशकाचे डबे शेजारी कुलपात ठेवावेत आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. कोणी तसा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, मानले जाते, तिच्यावर खटला भरला जात नाही आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. भाषेच्या अडचणीवर तूर्त उपाय म्हणजे मराठी व कन्नड दोन्ही जाणणारी आणि गोष्ट पोटात ठेवणारी एक बाई बरोबर नेणे. ती नात्यातली नसावी, कारण सासरच्या माणसासमोर सून काय बोलणार?

निपाणीकर गुरुजी

कायद्यापुरते लिहितो. आडव्या बाटलीचे मतदान महाराष्ट्रात २५ मार्च २००८ च्या आदेशाने होते. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यावर मतदान घेतात आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांचा कौल बंदीला मिळाला तर परवानाधारक दुकान बंद होते. तो आदेश मुंबई दारूबंदी कायद्याखालचा असल्याने सीमेच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, लागू नाही, आणि आपल्या गावात परवान्याचे दुकानच नसल्यामुळे त्याची गरजही नाही. किराणा दुकानातील पाकीट ही विनापरवाना विक्री आहे व कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ नुसार तो सरळ गुन्हा आहे. कर्नाटकाने २००७ साली सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद केली. तिची जागा या पाकिटांनी घेतली, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून प्रथम ग्रामसभेत ठराव करावा, त्यावर पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही व शिक्का घ्यावा, आणि ठरावाच्या प्रतीसह तालुक्याच्या अबकारी निरीक्षकांना, पोलीस ठाण्याला व तहसीलदारांना अर्ज देऊन प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. अर्ज मराठीत द्यावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार आपल्याला आहे. तथापि सोबत कन्नड भाषांतर जोडले तर काम लवकर पुढे सरकते, आणि या कामात आपल्याला वेळ वाचवायचा आहे. शेजारच्या गावातील कन्नड भाषक भगिनींनाही सोबत घ्यावे, कारण त्यांच्या घरातले दुःख तेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये चित्रदुर्गाहून बेंगळुरूपर्यंत दारूबंदीसाठी पायी गेलेल्या हजारो ग्रामीण महिला याच राज्यातल्या होत्या.

टपरीवाला अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देत असेल तर बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत तंबाखू विकण्यासही २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने बंदी आहे. आमच्या निपाणीत तंबाखूवर हजारो घरे जगली आहेत, त्यामुळे हा विषय येथे काढणे किती अवघड जाते ते मी शिक्षक म्हणून अनुभवले आहे. तरीही शाळेच्या दारातली टपरी हटवण्यास तंबाखू पिकवणाऱ्या पालकांनीच साथ दिली.

गांजा घेणाऱ्या मुलांच्या आयांना एवढे अवश्य सांगावे की अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ मध्ये ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेतले जाते. विकणाऱ्यासाठी हे कलम नाही.

मलप्रभाकाठ

मी स्वतः दारू सोडलेला माणूस आहे, म्हणून दंडाविषयी लिहितो. आमच्या गावात पिणाऱ्याला दंड लावण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा माझा दंड माझ्या बायकोने बचतगटातून उचललेल्या कर्जातून भरला. पुढे मी गावात पिणे बंद केले आणि मोटारसायकलवरून दुसऱ्या गावी जाऊन पिऊ लागलो, रात्री त्याच अवस्थेत गाडी चालवत परत येऊ लागलो. फळ्यावर नाव आल्यानंतर माझ्या मुलीने शाळेत जायला नकार दिला. युवक मंडळातील मुले तळमळीने बोलत आहेत, त्यांचा राग मला समजतो, परंतु तो दंड विकणाऱ्याकडे वळवावा.

मला उपयोग झाला तो दवाखान्याचा, आणि त्यानंतर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांचा, जिथे माझ्यासारखीच माणसे नाव-गाव न विचारता ऐकून घेत होती. माळ घालून पुष्कळ जणांची सुटली आहे आणि आमच्या भजनी मंडळाने मला संध्याकाळी बसायला जागा दिली, हे उपकार मी विसरणार नाही. कारण दारू सोडलेल्या माणसाला सर्वांत अवघड जाते ती संध्याकाळची सहा ते नऊची वेळ. पण जे रोज सकाळी पितात त्यांनी आधी डॉक्टर पाहावेत आणि मग माळ घालावी. पुन्हा प्यालेल्या माणसाला ‘माळेचा अपमान केलास’ म्हणून दूर लोटू नये, ही वारकरी मंडळींना हात जोडून विनंती. पहिल्या वर्षात पाय घसरणे फार जणांचे होते, आणि त्या वेळी लोटलेला माणूस सहसा परत येत नाही.

खानापूरची कार्यकर्ती

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे ठरावाचा मसुदा करायला घेत आहोत, आणि दंडाचा विषय पुढच्या बैठकीत मी स्वतः मागे घ्यायला लावीन. दोन शंका राहिल्या. केंद्रात जबरदस्तीने दाखल करण्याविषयी कोणी लिहिले नाही. तसेच, जेवणातून न सांगता द्यायची दारू सोडवण्याची पूड बाजाराच्या दिवशी मिळते आणि आमच्या काही जणी ती देत आहेत. ती चालू ठेवावी का?

समुपदेशक, बेळगाव

ताई, ती पूड आजच थांबवायला सांगा. अशा पुड्यांत नेमके काय असते ते लिहिलेले नसते. डॉक्टर देतात त्या डायसल्फिराम नावाच्या गोळीवर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणूनच ती गोळी रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने आणि यकृताची तपासणी करूनच देतात. न सांगता कोणतेही औषध देणे म्हणजे ज्या पत्नीने जीव वाचवायचा तिच्याच हातून घात होण्याची शक्यता निर्माण करणे आहे.

दाखल करण्याविषयी: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात पाहायला मागा. रुग्णाची इच्छा नसताना दाखल करायचे, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्याप्रमाणे त्याच्या वतीने निर्णयात साहाय्य करणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका आहे अथवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असा निष्कर्ष काढावा लागतो, आणि हे दाखल करणे प्रथम ३० दिवसांपर्यंतच असते. साखळदंडाने बांधणे कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे. जे केंद्र नातेवाइकांना भेटू देत नाही, डॉक्टर केव्हा येतात हे सांगत नाही किंवा माणसाला उचलून न्यायला गाडी पाठवतो म्हणते, तेथे आपला माणूस ठेवू नका.

पहिल्यांदा रुग्णालयात जाताना शेवटची दारू केव्हा घेतली, रोज किती घेतात, पूर्वी कधी आकडी आली होती का, आणि मधुमेह वा रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे कागदावर मराठीत लिहून आणि आधार कार्ड सोबत घेऊन या. सकाळच्या पहिल्या बसने निघालात तर तपासणी आणि औषधे घेऊन दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचता येईल.