‘नमुना’, ‘न्यादर्श’ आणि ‘यादृच्छिक’

धरमपेठकर : नागपुरात धुणीभांडी करणाऱ्या महिलांवर मी एम.ए.चा प्रबंध मराठीत लिहीत आहे. त्यांची पूर्ण यादी मिळत नसल्यामुळे एकीने दुसरीचे नाव सुचवायचे, दुसरीने तिसरीचे, अशा रीतीने मुलाखती चालल्या आहेत. या स्नोबॉल सॅम्पलिंगला मी ‘हिमगोल नमुना निवड’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी ‘नमुना’ खोडून ‘न्यादर्श’ केले. या पद्धतीला मराठीत काय म्हणावे?

महालकर : मार्गदर्शकांचे बरोबर आहे. ‘काय नमुना आहे!’ हे आपण कोणाबद्दल म्हणतो ते आठवा. ज्या बाईने कामातून वेळ काढून मुलाखत दिली, तिला नमुना म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘न्यादर्श’ केव्हाच रुळला आहे.

वऱ्हाडी वाचक : पुस्तकांत रुळला असेल, बोलण्यात नाही. 1950 साली सुरू झालेल्या देशव्यापी पाहणीला मराठीत ‘राष्ट्रीय नमुना पाहणी’च म्हणतात, ‘प्रतिदर्श’ हिंदीने घेतला. फारसीतून आला म्हणून ‘नमुना’ टाकायचा असेल, तर ‘कागद’ही टाकावा लागेल. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगातली वरची चार फळे न घेता तळातलेही एखादे काढून सोलून पाहणारा व्यापारी नमुनाच पाहतो, आणि निवड कशी करावी हेही त्याला पक्के ठाऊक असते.

इतवारीकर : माझ्या मते खरा घोळ ‘यादृच्छिक’ या शब्दाने घातला आहे. ‘यदृच्छेने’ म्हणजे सहजगत्या, असा अर्थ मनात धरून विद्यार्थी सीताबर्डीवर दुपारी जो भेटेल त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेतात आणि प्रबंधात ‘यादृच्छिक निवड’ असे लिहितात. ती सोयीची निवड झाली. यादृच्छिक निवडीत समष्टीतल्या, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्या संपूर्ण समूहातल्या, प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची संधी असावी लागते आणि ती किती, हे आधी ठाऊक असावे लागते. संख्या वाढवून ही उणीव भरून निघत नाही. 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाकडे 20 लाखांहून अधिक उत्तरे आली होती, तरी त्याने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असे भाकीत केले आणि निवडून आले रूझवेल्ट. घरांच्या वाटपामुळे सर्वांना परिचित झालेला ‘सोडत’ हा शब्द घ्यावा, म्हणजे असा गैरसमज होणार नाही.

धरमपेठकर : माझ्याकडे यादीच नसल्यामुळे सोडत काढता येणार नाही. ‘हिमगोल’चे काय करावे?

वऱ्हाडी वाचक : ‘साखळी नमुना निवड’ लिहा, विदर्भात हिमगोल कोणी पाहिला आहे? मात्र एकाच बाईपासून सुरुवात केली, तर तिच्याच वस्तीतल्या आणि नात्यागोत्यातल्या बायका पुढे येतील, म्हणून जरीपटका, मानेवाडा अशा दूरदूरच्या भागांतून वेगवेगळ्या साखळ्या सुरू करा.

महालकर : ‘साखळी’ ठीक आहे, ‘सोडत’ नाही. पहिले घर चिठ्ठीने ठरवून पुढे प्रत्येक दहावे घर घेतले, तर त्या निवडीला सोडत कसे म्हणणार?

इतवारीकर : पहिले घर सोडतीनेच ठरले ना? उरलेली घरे त्यातूनच ठरतात. ‘न्यादर्श’ म्हटल्याने यातले काय अधिक स्पष्ट होते, ते आपण सांगावे.