बकुळीखाली पेव्हर ब्लॉक कुणाला विचारून टाकले?

माई (सी-१): सकाळी फुलं वेचायला गेले तर बकुळीच्या बुंध्याला टेकवून पेव्हर ब्लॉकचे ढीग लावलेले. कुणाला विचारून? सोसायटीच्या मागच्या मीटिंगला "बघू" एवढंच ठरलं होतं.

सेक्रेटरी: माई, नमस्कार. दर बरा मिळाला म्हणून माल टाकून घेतला. पावसाआधी काम उरकायचंय. चिखलाची तक्रार याच ग्रुपवर होती.

बापू (ए-३०४): पार्किंगचं आधी बोला. माझी गाडी ३ वर्षं रस्त्यावर आहे.

माई (सी-१): चिखल पुसता येतो हो. सी विंगसमोर ब्लॉक बसवले त्याआधी माझ्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं का कधी? गेल्या जुलैत पायपुसणं तरंगत आत आलं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तो जाणार कुठे? खालच्या मजल्यावरच्यांकडेच ना?

दादा (बी-४०१): पेव्हरच्या फटीतून पाणी मुरतं, माई.

माई (सी-१): खाली नुसती वाळू असती तर मुरलं असतं. आपण खाली पीसीसी, म्हणजे काँक्रीटचा थर घातलाय. मी समोर उभी होते.

नाना (ए-१०२): ब्लॉक राहू देत बाजूला. काल गच्चीत कोकमाची सोलं वाळत घातलेली, त्यावर कुणी चादर झटकली?

आक्का (ए-२०१): नाना, ग्रुपवर कशाला? चादर आमची होती. सोलं अर्ध्या गच्चीभर पसरली होती तेही सांगा.

सेक्रेटरी: कृपया विषय सोडू नये 🙏

बापू (ए-३०४): पार्किंगचं आधी बोला.

खजिनदार वहिनी: बापू, ऐका तरी. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खेळा-बसायला मोकळी ठेवावी लागते. आपल्या मंजूर नकाशात ती हीच बकुळीची जागा आहे. तिथे गाड्या लावता येणार नाहीत.

बापू (ए-३०४): मग नारळाखाली लावू? गेल्या वर्षी काच फुटली ती कुणी भरली?

नाना (ए-१०२): नारळ मात्र तुम्ही घरी नेलात 😄

ताई (बी-२०२, पुणे): मी लांब असते म्हणून बोलू नये असं काहींना वाटतं, तरी बोलते. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आले, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात शिकवू लागले. एखाद्या गावचा आराखडा करायचा तर आधी गल्ल्यांतून पायी हिंडायचे. विहिरी, तळी, जुनी झाडं राखायची आणि अगदी अडेल तेवढंच पाडायचं, असा त्यांचा आग्रह. आपणही आधी तिथे जाऊन बघूया ना.

दादा (बी-४०१): पुण्यातून सांगणं सोपं असतं.

माई (सी-१): बरोबर बोलतेय ती. बी विंगच्या जिन्यापासून मागच्या गेटपर्यंत गवतात पायवाट पडलीय ती पाहिलीत? कुणी आखली नाही. मुलं शाळेला, आपण पाखाडीच्या पायऱ्यांनी बाजारात, रोज त्याच वाटेने. नकाशात फरसबंद रस्ता दाखवलाय दुसऱ्याच बाजूला, भिंतीकडेने. तिथून कोण चालणार? आहे तीच वाट जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधा, सांधे उघडे ठेवून. बाकी माती राहू दे. पाणी विहिरीला मिळेल.

आक्का (ए-२०१): पण मागच्या गेटला कुलूप लावायचं ठरलंय. रात्री कोणकोण येतं.

माई (सी-१): आक्का, आपण दोघी संध्याकाळी बकुळीखाली बसायचो तेव्हा कोण येत होतं? बाक मोडला, आपण बसायचं सोडलं, दिवा गेला तो कुणी बदलला नाही. मग तिथे भलतेच बसणार. बाक आणि दिवा आधी द्या. रात्री १० नंतर खुशाल कुलूप लावा.

आक्का (ए-२०१): हं. बाक मोडल्यापासून माझंही खाली उतरणं बंदच झालंय.

भाऊ (बी-१०३): काय तां एकदाचा ठरवा नि माका झोपाक द्या. नाइट करून इलंय.

दादा (बी-४०१): मुळं वर आलीत, बकुळ थोडी छाटावी लागेल. एवढंच म्हणतो.

खजिनदार वहिनी: नगरपरिषदेच्या परवानगीशिवाय फांदीला हात लावायचा नाही. झाडांचा कायदा १९७५ पासून आहे.

माई (सी-१): मुळं वर आलीत कारण बुंध्यापर्यंत सिमेंट नेलंय. भोवतीचं ४-५ फूट फोडून माती मोकळी करा, भोवती चिऱ्यांचा पार बांधा. बसायलाही होईल.

सेक्रेटरी: आलेल्या मालाचं काय करू? पैसे दिलेत.

खजिनदार वहिनी: पुढच्या गेटापासून मीटर रूमपर्यंत वापरू, तिथे तसाही कोबाच आहे. उरेल तो परत घेतात का विचारते.

बापू (ए-३०४): आणि पार्किंग?

सेक्रेटरी: बापू, टाकीमागची भंगाराची खोली पाडली तर २ गाड्या बसतील. एक तुमची. चालेल?

बापू (ए-३०४): लेखी द्या.

सेक्रेटरी: देतो. बकुळीखालचं काम थांबवलंय. रविवारी सकाळी ८ वाजता सगळ्यांनी विहिरीपाशी यावं. पायवाटेवर दोरी धरून फक्की मारू.

नाना (ए-१०२): फक्की माझ्याकडे आहे. आक्का, येताना ती चादर आणा, बसायला होईल.

आक्का (ए-२०१): आणते. सोलं घालून सरबतही आणते.

माई (सी-१): ढीग आजच बुंध्यापासून हलवा, सेक्रेटरी. साल खरवडलीय.