जनुकीय माहितीची राखण सरकारकडे द्यावी का?

सडेतोड: चीनच्या २०१९ च्या नियमांनुसार परदेशी संस्थांना तिथल्या लोकांचे जनुकीय नमुने थेट गोळा करता येत नाहीत, स्थानिक भागीदार आणि सरकारी मंजुरी लागते. अमेरिकेनेही एप्रिल २०२५ पासून नागरिकांचा जीनोम डेटा चीनसारख्या देशांकडे जाऊ नये म्हणून निर्बंध लावले. कुंपण सरहद्दीवर घातलं, पण आतल्या माणसाचं काय? कुवेतने २०१५ मध्ये सगळ्या रहिवाशांना डीएनए देणं कायद्याने सक्तीचं केलं. डेटा देशातच राहणार होता की! २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने कायदा रद्द केला म्हणून निभावलं. संमती ज्याची त्याच्याच हातात हवी.

माळावरचा: आणि सगळं व्यक्तीवर सोडलं की काय होतं? अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराचंही संशोधन झालं. संमतीपत्रावर सह्या होत्याच ना? जमात एकजुटीने कोर्टात गेली, म्हणून २०१० मध्ये अ‍ॅरिझोनातल्या विद्यापीठाला सात लाख डॉलर मोजून नमुने परत करावे लागले. एकट्यादुकट्याला कुणी भीक घातली नसती.

सडेतोड: जमात म्हणजे सरकार नव्हे. आइसलंडच्या संसदेने १९९८ मध्ये अख्ख्या देशाच्या आरोग्यनोंदी एका डेटाबेसमध्ये घालायचा कायदा केला. नकार कळवला नाही तर संमती गृहीत! परवाना मिळाला एका खासगी जनुकसंशोधन कंपनीला. एका मुलीने वारलेल्या वडिलांच्या नोंदी द्यायला नकार दिला, कारण त्यातून तिचीही माहिती उघड होते. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मान्य केलं. तो डेटाबेस कधी उभाच राहिला नाही. राखणदारच दुकान मांडतो, ते असं.

पिपेटवाली: तुमच्या मालकीच्या भांडणात रुग्ण कुठे आहे? दुर्मीळ आजाराच्या मुलाच्या रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो, कारण तोच जनुकबदल आणखी कुणात आहे का, हे तपासायला पुरेसा डेटा नसतो. काहींच्या हृदयस्नायूच्या एका जनुकात डीएनएची २५ अक्षरं गळालेली असतात. दक्षिण आशियात साधारण ४ टक्के लोकांत हा बदल सापडतो, इतरत्र जवळपास नाहीच. फक्त युरोपीय लोकांचा डेटा चाळला तर तो दिसणार कसा? ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या संशोधनसाठ्याकडे पाच लाख लोकांचा डेटा आहे. आता ते बहुतेक विश्लेषण आपल्याच मंचावर करायला लावतात: संशोधक आत येतो, प्रत बाहेर जात नाही. कुलूप लावायचंच तर असं लावा. मंजुरीच्या फाइलवर महिनोन्महिने बसून राहू नका.

माळावरचा: ते मान्य. पण सडेतोड, तुमच्या व्यक्तिगत संमतीचं काय झालं ते २३अँडमी या ग्राहकांची डीएनए चाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीने दाखवलं. मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, आणि दीड कोटी ग्राहकांचा डेटा लिलावाच्या मालमत्तेत.

सडेतोड: त्या ग्राहकांना निदान आपला डेटा पुसून घेता येत होता. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी तसं जाहीर आवाहनही केलं होतं. सक्तीच्या सरकारी साठ्यातून नाव काढायचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, तेवढं सांगा.

पिपेटवाली: आणि जो डेटा आधीच संशोधनात वापरला गेलाय, तो पुसणार कोण? दोघांपैकी कुणीही चालेल, उत्तर द्या.