जुन्या मराठी फायलींसाठी अख्खा जुना पीसी जिवंत ठेवावा का?

खिळेजुळारी (धागाकर्ता)

सांगलीत आमचं छोटं डीटीपीचं दुकान होतं. वडील छपाईचे शिशाचे खिळे जुळवत. १९९८ च्या शेवटी पहिला पीसी आला आणि पुढची आठ-नऊ वर्षं स्मरणिका, देवस्थानांची माहितीपत्रकं, दोन दिवाळी अंक, चार-पाच कवितासंग्रह असं सगळं आम्ही विंडोज ९८ वर पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये लावलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं आणि मशिनं गेली. सीडी घरी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या.

या फायली आजच्या संगणकावर उघडत नाहीत. मजकूर खरवडून काढला तर रोमन अक्षरांची आणि खुणांची खिचडी हाती येते, कारण तेव्हाच्या फॉन्टांना युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच आकडा देणारी पद्धत, ठाऊकच नव्हता. मराठी टंकनाच्या प्रत्येक पॅकेजने अक्षरांना दिलेले आकडे वेगळे.

गेले चार महिने मी ८६बॉक्स वापरतोय. हा मुक्त-स्रोत एम्युलेटर अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. मदरबोर्ड कोणता, प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, सगळं निवडायचं. मी पेंटियम एमएमएक्स आणि एस३ चं कार्ड निवडलं, विंडोज ९८ घातलं, पेजमेकर आणि आमचे फॉन्ट टाकले आणि २००१ च्या दिवाळी अंकाचं पान जसंच्या तसं समोर आलं. वडील शेजारी बसले होते. त्यांनी पहिल्यांदा तळटिपेचा टाइप तपासला.

माझं म्हणणं असं: जुना मराठी मजकूर नुसता युनिकोडमध्ये उतरवून जतन होत नाही. ज्या यंत्रावर तो वाचला जायचा, ते यंत्रही चालतं राहिलं पाहिजे, आणि ते मुक्त-स्रोत एम्युलेटरच्याच हवाली करावं. तुम्हाला काय वाटतं?

अनुस्वार

साफ असहमत. मी एका वाचनालयासाठी जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचं काम करते, त्यामुळे हे वाचून त्रास झाला.

तुमच्या पडद्यावर पान दिसलं, पण ते कुणाला? तुम्हाला आणि वडिलांना. वाचकाकडे फोन आहे. त्याने विंडोज ९८ सुरू करायला शिकायचं का? ते पान कुठल्याही शोधात सापडणार नाही. आमच्याकडे एक दृष्टिहीन वाचक येतात, स्क्रीन रीडरवर ऐकतात. तुमच्या फॉन्टातला मजकूर त्यांच्या कानी निव्वळ गोंगाट म्हणून पडेल, मग खालचं मशीन खरं असो की खोटं. मराठी जाणणारी वेळ देणारी माणसं मोजकी आहेत. ती बायोसच्या (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये खर्ची पडू नयेत. युनिकोडमध्ये एकदा आलेला मजकूर पुढची पन्नास वर्षं कुणीही, कशावरही वाचेल.

माळरान

एम्युलेटर हवा हे मान्य, पण ८६बॉक्सच का? तो संथ आहे. जुन्या पीसीचा एकेक भाग सॉफ्टवेअरमध्ये नाचवायचा म्हणजे चांगला प्रोसेसरही घामाघूम होतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ९८ टाका, उडत चालेल.

खिळेजुळारी

@माळरान, आधी तेच केलं होतं. स्थापनेतच कोसळायचं. कारण नंतर कळलं. व्हर्च्युअलबॉक्स आत चालणाऱ्या पाहुण्या सिस्टिमला तुमचाच खरा प्रोसेसर वापरायला देतो. विंडोज ९५, ९८ आणि एमईमध्ये स्मृतीचे पत्ते ताजे करण्याच्या कोडमध्ये एक चूक आहे. ती जुन्या प्रोसेसरांवर खपून गेली, पण एएमडीच्या नव्या रायझनवर आणि ११ व्या पिढीपासूनच्या इंटेलवर उघडी पडते. त्यावर स्वयंसेवकांनी केलेलं ठिगळ मिळतं, पण मग आपण सिस्टिमच बदलतोय.

असलाच प्रकार विंडोज ९५ चा. ती सुरू होताना एक लूप फिरवून वेळ मोजते आणि त्या वेळेने भागते. एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झच्या के६-२ वर लूप इतका झटकन संपायचा की वेळ शून्य भरायची, आणि शून्याने भागाकार. म्हणजे वेग जास्त म्हणून सिस्टिम मरते! ८६बॉक्स जुना प्रोसेसर त्याच्या जुन्या वेगाने उभा करतो, म्हणून तो संथ आहे आणि म्हणूनच चालतो.

@अनुस्वारताई, तुमच्या दृष्टिहीन वाचकांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तो खराच आहे. पण जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर बरोबर चाललाय हे तुम्ही कशावरून ठरवता? आमच्या एका संग्रहात ‘उरात दऱ्या’ अशी ओळ होती. कन्व्हर्टरमधून ‘उरात दर्या’ अशी बाहेर आली. कन्व्हर्टरच्या अक्षरं जुळवायच्या तक्त्यात त्या एका तुकड्याची नोंद चुकली होती. दोन्ही शब्द मराठीत आहेत, दोन्ही कवितेत शोभतात, शुद्धलेखन तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर ते पकडणार नाही. कवी आता हयात नाहीत. मूळ पान एम्युलेटरमध्ये उघडलं तेव्हा डोळ्यांना दिसलं.

अनुस्वार

छापील प्रत बघायची की!

खिळेजुळारी

त्या संग्रहाची असेल कुठेतरी. पण आमच्या सीडींवर असे दोन संग्रह आहेत जे पैशांअभावी छापलेच गेले नाहीत. त्यांची मूळ प्रत म्हणजे ती फाइल, दुसरी कुठलीच नाही.

वहिवाट

वकिलीच्या अंगाने दोन गोष्टी. ८६बॉक्सचा कोड जीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली खुला आहे, त्यात अडचण नाही. पण त्याला लागणारे बायोसचे रॉम (मूळ चिपमधल्या मजकुराच्या फायली) वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. ते रॉम त्या-त्या कंपन्यांचे आहेत. एम्युलेटर खुला म्हणून आत चालणारं सगळं खुलं होत नाही. विंडोज ९८ चा आधार मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये थांबवला. आधार थांबणं वेगळं, स्वामित्वहक्क संपणं वेगळं. एमएस-डॉस ४ चा कोड २०२४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुला झाला, तसं विंडोज ९८ चं झालेलं नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) संगणक प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला मूळ कामासाठी आणि नष्ट होण्यापासून बचाव म्हणून प्रत करू देतं. त्यामुळे मूळ सीडी आणि परवान्याचा कागद सांभाळा. पण हे कलम तुमच्यापुरतं आहे. तयार हार्ड डिस्कची प्रतिमा करून वाचनालयांना वाटायला लागलात तर मी तुमच्या बाजूने उभा राहू शकणार नाही. सार्वजनिक जतनाचा पाया अशा जमिनीवर घालू नये, म्हणून माझं मत अनुस्वार यांच्याकडे झुकतं.

माळरान

मग मुक्त-स्रोत असण्याचा हट्ट तरी कशाला? विकतचा, जबाबदार कंपनीचा एम्युलेटर घ्या.

खिळेजुळारी

व्हर्च्युअल पीसी या कंपनीच्या एम्युलेटरचं काय झालं ते आठवा. कनेक्टिक्सकडून २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला, विंडोज ७ पर्यंत चालला, मग थांबला. उलट ८६बॉक्स ज्या पीसीईएम या मुक्त-स्रोत एम्युलेटरमधून निघाला, त्याच्या मूळ लेखिकेने २०२१ मध्ये काम सोडलं, तरी कोड सगळ्यांसमोर होता म्हणून दुसऱ्यांनी तो उचलला. बॉक्स (Bochs) नावाचा दुसरा एम्युलेटरही आधी विकतचा होता, २००० मध्ये खुला झाला आणि अजून आहे.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं वेड नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने सलमान रश्दींचे कागद २०१० मध्ये अभ्यासकांना खुले केले, तेव्हा त्यांच्या जुन्या मॅकिंटॉशची एम्युलेटरमध्ये उभी केलेली आवृत्तीही वाचनकक्षात ठेवली. मुंबईत जन्मलेल्या इंग्रजी लेखकासाठी हे होतं, तर सांगलीतल्या मराठी कवीसाठी का होऊ नये?

अनुस्वार

एमरीकडे पैसा आणि माणसं आहेत. आमच्या वाचनालयात एक पंखा आणि मी आहे.

पण ‘उरात दऱ्या’ मनातून जात नाही. काल आमच्या रूपांतरित फायलींत ‘र्य’ शोधलं, शेकड्याने सापडले. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतलं मूळ कोणतं, हे सात ठिकाणी मला ठरवता आलं नाही. एक विचारते. त्या टंकन-पॅकेजला पीसीच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक असायचं ना, ज्याशिवाय ते चालत नसे? ते पुरात गेलं असेल, तर पान उघडलं कसं?

खिळेजुळारी

लॉक गेलंच. आमच्या पॅकेजमध्ये टंकनाच्या भागाला ते लागायचं, फॉन्ट साधे ट्रूटाइप होते. त्यामुळे पान दिसतं, छापता येतं, एक अक्षर दुरुस्त मात्र करता येत नाही. दुरुस्ती तुमच्या युनिकोडमध्येच व्हायला हवी, हे मी मान्य करतो.

छापण्याचं सांगतो. ८६बॉक्समध्ये समांतर पोर्टला आभासी पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर जोडता येतो, घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्राममार्फत थेट पीडीएफ मिळते. अक्षरं मूळ आकारात येतात, रफार (‘र्य’ मधला) आणि अर्धचंद्री ‘र’ (‘ऱ्य’ मधला) डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. @वहिवाट, ही पीडीएफ आमच्याच कामाची. कवींच्या घरच्यांची लेखी परवानगी घेतली तर द्यायला हरकत नसावी?

वहिवाट

पीडीएफला हरकत नाही. वारसांपैकी सगळ्यांची सही घ्या.

अनुस्वार

यंत्र जपण्यावर माझं मत अजून बदललेलं नाही. पण त्या सात पानांच्या मूळ फायली आणि फॉन्ट आमच्याकडे आहेत. पाठवल्या तर छापून द्याल? सीडीवर बुरशी आहे, आधी पुसून प्रत काढते.

खिळेजुळारी

पाठवा. पेजमेकरची आवृत्ती कोणती ते लिहून ठेवा, ६.० असेल तर मला वेगळं बसवावं लागेल.